ठोसा आणि स्मरण

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून निघालेल्या चित्रपटांविषयी लिहावे, याचे आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. ज्या पानांवर कविता, कथा आणि चिंतन यांची सोबत असते, तिथे ठोसे, लाथा आणि तोंडातून ज्वाळा ओकणारे योगी कशाला, असे कुणी विचारले तर तो प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही आम्ही हा विषय घेतला आहे, आणि त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात व्हिडिओ पार्लरमधल्या यंत्रापुढे खिशातली नाणी चाचपत उभी राहणारी मुले आज स्वतः आईवडील झाली आहेत. तेच खेळ आता नव्या रूपात त्यांच्या घरात आले आहेत, आणि त्या खेळांवरचे चित्रपट दिवाणखान्यात बसून केव्हाही पाहता येतात. मुले ते पाहतात, जुन्या आठवणीने आईवडीलही शेजारी टेकतात, आणि आजी-आजोबा मान फिरवून आत जातात. एकाच घरातील तीन पिढ्या एका गोष्टीकडे तीन नजरांनी पाहत असतील, तर त्या गोष्टीची पारख करणे हे समीक्षेचे कामच आहे.

ही पारख करताना दोन सोपे निवाडे टाळावेत असे आम्हांस वाटते. ‘हा सगळा रानटीपणा आहे’ हा पहिला, आणि ‘करमणूक आहे, सोडून द्या’ हा दुसरा. दोन्ही निवाडे चित्रपट न पाहताही देता येतात, आणि म्हणूनच ते अपुरे आहेत. आमचा प्रश्न साधा आहे. खेळाचा चित्रपट होतो तेव्हा त्यातून काय निघून जाते, आणि त्या रिकाम्या जागी चित्रपट काय आणून ठेवतो?

या खेळांचे आणि चित्रपटांचे नाते जुने आहे, आणि ते उलट दिशेने सुरू झालेले आहे. १९७३ साली ‘एंटर द ड्रॅगन’ हा चित्रपट आला. एका बेटावर खलपुरुषाने भरवलेली मल्लांची स्पर्धा हे त्याचे सूत्र. तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, २० जुलै १९७३ रोजी, त्याचा नायक ब्रूस ली वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. त्याचा ‘गेम ऑफ डेथ’ हा चित्रपट अपुरा राहिला आणि पुढे १९७८ साली जुळवाजुळव करून पडद्यावर आला. उंच मनोऱ्याच्या एकेका मजल्यावर एकेक प्रतिस्पर्धी, आणि त्याला हरवल्याखेरीज वर जाता येत नाही, ही कल्पना त्यातली. १९८४ साली जपानमध्ये पाच मजल्यांचा एक खेळ यंत्रावर आला. बाहेरच्या देशांत त्याचे नाव ‘कुंग फू मास्टर’ पडले, पण जपानमध्ये तो ‘स्पार्टन एक्स’ या नावाने ओळखला गेला. जॅकी चॅनच्या ‘व्हील्स ऑन मील्स’ या चित्रपटाचे ते जपानी नाव होते. तो खेळ रचणारे ताकाशी निशियामा यांनीच पुढे कॅपकॉम कंपनीसाठी १९८७ साली पहिला ‘स्ट्रीट फायटर’ तयार केला. म्हणजे या घराण्याच्या मूळपुरुषांपैकी एक खेळ स्वतःच चित्रपटावरून बेतलेला होता.

१९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ आला आणि जगभरच्या यंत्रांभोवती मुलांची गर्दी झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिडवे कंपनीने ‘मॉर्टल कॉम्बॅट’ काढला. एड बून आणि जॉन टोबायस या त्याच्या कर्त्यांच्या मनात आधी ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम या नटाला घेऊन खेळ करावा असे होते. ते जमले नाही, तेव्हा त्यांनी जॉनी केज नावाचा एक गर्विष्ठ चित्रपटनट खेळात घातला आणि व्हॅन डॅमच्या १९८८ सालच्या ‘ब्लडस्पोर्ट’मधला एक ठोसा त्याच्या पदरी बांधला. गंमत अशी, की १९९४ साली हाच व्हॅन डॅम प्रतिस्पर्धी खेळावरच्या ‘स्ट्रीट फायटर’ या चित्रपटात नायक म्हणून उभा राहिला. १९९५ साली त्या चित्रपटातील नटांची छायाचित्रे वापरून पुन्हा एक खेळ निघाला. चित्रपटावरून खेळ, खेळावरून चित्रपट, आणि त्या चित्रपटावरून पुन्हा खेळ, असे हे रहाट आहे. इतके जवळचे नाते असताना यांतील बहुतेक चित्रपट फसावेत, याचे कारण खेळाच्या रचनेतच शोधावे लागेल.

ज्यांनी हे यंत्र कधी हाताळले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पडद्यावर दोन मल्ल समोरासमोर उभे असतात. वर दोन पिवळ्या पट्ट्या असतात. मार बसला की ज्याची त्याची पट्टी आखडते. मधोमध नव्व्याण्णवपासून उलटी मोजणी चालू असते. तीनपैकी दोन डाव जिंकणारा पुढे जातो. खेळणाऱ्याच्या डाव्या हातात एक दांडी आणि उजव्या हाताखाली सहा बटणे, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे अशी फिरवून त्याच क्षणी ठोशाचे बटण दाबले, तर र्‍यू नावाच्या मल्लाच्या तळव्यांतून निळा गोळा सुटतो. हे जमायला मुलांचे कित्येक दिवस आणि कित्येक नाणी जात. जमले की मात्र ते हाताला जन्मभर विसरत नाही. या खेळाचा आनंद असा मुख्यतः हाताचा आहे. तो शिकण्याचा आनंद आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राला हरवण्याचा, त्याच्याकडून हरण्याचाही आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खेळात पडद्यावरचा मल्ल हरतो तेव्हा खरे तर तो हरत नसतो. हरतो तो दांडी धरलेला मुलगा. खेद त्याचा, नाणे त्याचे, पुन्हा खेळण्याचा निश्चयही त्याचा. पडद्यावरच्या मल्लाला काहीच होत नाही. दुसरे नाणे पडले की तो जखमेशिवाय, आठवणीशिवाय पुन्हा उभा राहतो. खेळाला स्मरण नसते. खेळ म्हणून ते ठीकच आहे. बुद्धिबळातील मेलेल्या प्याद्यासाठी कोणी सुतक पाळत नाही.

पण चित्रपट सुरू झाला की प्रेक्षकाचा हात रिकामा होतो. आता हार त्याची नाही. मग ती कोणाची? पडद्यावर कोणा माणसाची तरी ती व्हायला हवी. ज्याला मार बसतो त्याला तो लागायला हवा, जो मरतो त्याची उणीव कुणाला तरी भासायला हवी. खेळाने जे हाताला दिले होते ते चित्रपटाला मनाला द्यावे लागते, आणि मनाला द्यायचे म्हणजे स्मरण द्यायचे. हे ज्या चित्रपटाला कळले तो अंगी कितीही दोष असले तरी पाहण्याजोगा होतो. ज्याला कळले नाही त्यात नुसते ठोसे उरतात, आणि दुसऱ्याने खेळलेला खेळ दोन तास उभ्याने पाहावा तसा शीण येतो.

या मापाने आपण आधी १९९५ सालचा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ पाहू. मूळ खेळ त्याच्या क्रौर्यामुळे गाजला होता. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला शेवटी बीभत्स रीतीने ठार करण्याची सोय त्यात होती. त्यावरून डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि १९९४ साली खेळांवर वयोगट छापणारी संस्था त्या उद्योगाला स्वतःच उभारावी लागली. इतका गाजावाजा झाल्यावर चित्रपट रक्ताने माखलेला असेल अशी अपेक्षा होती. दिग्दर्शक पॉल अँडरसन यांनी तसे केले नाही. त्यांनी ‘एंटर द ड्रॅगन’चे जुने सूत्र उचलले, बेट आणि स्पर्धा, आणि नायक लिऊ कांग याच्या मनावर एक ओझे ठेवले. त्याचा धाकटा भाऊ चान हा शांग त्सुंग या मांत्रिकाच्या हातून मारला गेला आहे, आणि आपण घरी नव्हतो म्हणून हे घडले, असे लिऊ कांगला वाटते. शांग त्सुंग हरलेल्यांचे आत्मे गिळून आपल्यात कोंडून ठेवतो. शेवटच्या झुंजीत तो चानचेच रूप घेऊन समोर येतो. लिऊ कांग त्या मायेला फसत नाही. भावाच्या मरणाचा दोष स्वतःच्या माथी घेऊन आपण आजवर जगत आलो, ते ओझे तो तिथे खाली ठेवतो. मांत्रिक पडतो तेव्हा कोंडलेले आत्मे मोकळे होतात आणि चान भावाचा निरोप घेऊन जातो.

याची कथा बाळबोध आहे, संवाद सुमार आहेत, चार हातांचा गोरो हा राक्षस यंत्राने हलवलेला बाहुला आहे हे लपत नाही. हे सर्व मान्य करूनही आम्ही म्हणू, की या चित्रपटाने मेलेल्यांची मोजदाद ठेवली. खेळातला मेलेला मल्ल पुढच्या नाण्याला विसरला जातो, इथे मात्र मेलेला भाऊ आरंभापासून शेवटपर्यंत उपस्थित आहे. अमेरिकेत हा चित्रपट सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याच्या गजराच्या संगीताने जशी मुले खेचली, तशी या भावाच्या गोष्टीने ती धरून ठेवली, असे आमचे मत आहे.

हे मत तपासून पाहायचे असेल तर १९९७ सालचा त्याचा पुढचा भाग ‘मॉर्टल कॉम्बॅट: ॲनायलेशन’ पाहावा. पहिल्या भागातला जॉनी केज सुरुवातीलाच मारला जातो. त्याचे सोबती क्षणभर हळहळतात आणि पळू लागतात, ते शेवटपर्यंत पळतच राहतात. खेळातील एकामागून एक मल्ल पडद्यावर येतो, आपले नाव सांगतो, आपली ठरलेली करामत दाखवतो आणि नाहीसा होतो. मल्लांची यादी वाढली, पण माणूस एकही उरला नाही. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली यात नवल नव्हते.

आता १९९४ सालच्या ‘स्ट्रीट फायटर’कडे वळू. पटकथा आणि दिग्दर्शन स्टीव्हन डी सूझा यांचे. आडनाव आमच्या वाचकांना घरचे वाटेल, पण गृहस्थ हॉलिवूडचे, ‘डाय हार्ड’च्या पटकथेचे एक लेखक. समीक्षकांनी या चित्रपटाची भरपूर टर उडवली, आणि ती बरीचशी रास्त होती. खेळाचा खरा नायक र्‍यू आणि त्याचा मित्र केन यांना इथे भुरटे ठग करून बाजूला सारले आहे. व्हॅन डॅमच्या कर्नल गाइलला युद्धाचे पुढारीपण दिले आहे, पण त्याच्या तोंडी भाषण आले की ऐकणाऱ्याला चुळबुळ होते. पात्रांची दाटी इतकी, की कोण कोणाच्या बाजूचा हे कळेपर्यंत चित्रपट संपत येतो.

या गोंधळात एक प्रसंग मात्र असा आहे, की त्यासाठी आम्ही बाकीच्या सर्व चुका माफ करतो. शादालू नावाच्या काल्पनिक देशाचा हुकूमशहा बायसन याने मदतकार्य करणाऱ्यांना ओलीस धरले आहे. चुन-ली ही तरुणी त्याच्या दालनात बंदिवान होऊन येते. ती त्याला लहानपणची हकिकत सांगते. बायसन तेव्हा एक क्षुद्र लुटारू होता. त्याच्या टोळीने तिच्या गावावर धाड घातली. तिचे वडील गावचे मुखिया. त्यांनी शेतकऱ्यांना गोळा केले, आणि शेतीची अवजारे हाती घेऊन त्या माणसांनी टोळीला पळवून लावले. पळता पळता बायसनने तिच्या वडिलांचा जीव घेतला. वीस वर्षे उराशी धरलेले दुःख ती त्याच्यापुढे मांडते. बायसन शांतपणे ऐकून घेतो आणि दिलगिरीच्या सुरात सांगतो, की त्याला यातले काहीच आठवत नाही. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस असेल, त्याच्या लेखी तो एक मंगळवार होता.

हा प्रसंग पाहताना प्रेक्षक आधी हसतात. मग हसू ओसरते. जुलमी माणसाविषयी इतके नेमके सत्य या जातीच्या चित्रपटात सापडेल असे वाटलेले नसते. आपण समजतो की दुष्ट माणूस रात्रंदिवस द्वेषाने जळत असतो. हा बायसन सांगतो, की द्वेष करण्याइतकी दखलसुद्धा त्याने घेतलेली नाही. ज्याचा बाप गेला त्याला वार, तिथी, वेळ, हवा सगळे पाठ असते. ज्याने मारले त्याच्या दैनंदिनीत त्याची नोंद नसते. आणि आम्ही वर म्हटले तेच इथे पुन्हा भेटते. खेळाला स्मरण नसते. पडलेले प्रतिस्पर्धी, रिकाम्या झालेल्या पट्ट्या, दुसरे नाणे. बायसन जगाकडे खेळासारखे पाहतो, आणि म्हणून तो खलपुरुष आहे. चुन-लीला आठवते, म्हणून ती माणूस आहे. लेखकाने हे जाणून लिहिले की सहज हातून उतरले याला महत्त्व नाही. ते पडद्यावर आहे.

बायसनची भूमिका राऊल हुलिया यांची आहे. मूळचे पोर्तो रिकोचे हे थोर नट. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी त्यांना निराळ्याच वेषात पाहिले असेल. पॉलिस्ट संघाच्या चित्रसंस्थेने १९८९ साली काढलेल्या ‘रोमेरो’ या चित्रपटात एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो हुलियांनी साकारले होते. १९७७ साली रोमेरो आर्चबिशप झाले आणि थोड्याच दिवसांत, १२ मार्च रोजी, त्यांचे मित्र येशूसंघीय फादर रुतिलिओ ग्रान्दे यांची हत्या झाली. त्यानंतर तीन वर्षे रोमेरो रविवारच्या प्रवचनात त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची, नाहीशा झालेल्यांची वार्ता सांगत, आणि आकाशवाणीवरून ती देशभर ऐकली जाई. ज्यांची राज्यकर्त्यांनी नोंद ठेवली नाही, त्यांची नोंद ते वेदीपाशी ठेवीत राहिले. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

एकाच नटाने पाच वर्षांच्या अंतराने ही दोन माणसे उभी केली. एक, ज्याने प्रत्येक मेलेल्याचे नाव लक्षात ठेवले, आणि दुसरा, ज्याला एकाही मेलेल्याचे नाव आठवत नाही. यात दैवी योजना शोधण्याचा आमचा हेतू नाही. नटाला भूमिका मिळतात, तो त्या करतो. पण इतके म्हणता येईल, की ज्याने स्मरण ठेवणाऱ्या माणसाच्या अंतरंगात शिरून पाहिले होते, त्यालाच विस्मरणाची भीषणता इतक्या सहज सुरात दाखवता आली. बायसन झालेले हुलिया एकदाही ओठ काढून हसत नाहीत, की आपण पोरखेळात आलो आहोत असे प्रेक्षकाला खुणावत नाहीत. शेक्सपिअरच्या रंगभूमीवर वावरलेला हा नट लाल गणवेशातल्या या व्यंगचित्रालाही पुरे श्रम देतो. ते तेव्हा कर्करोगाने आजारी होते. चेहऱ्यावरची ओढ रंगाखालीही दिसते. हा खेळ त्यांच्या मुलांच्या आवडीचा होता आणि तेही ही भूमिका स्वीकारण्याचे एक कारण होते. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. दोन महिन्यांनी, नाताळच्या तोंडावर, चित्रपट प्रदर्शित झाला. तो त्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे, आणि अर्पणाच्या ओळीत ‘देवासंगे जा’ असा स्पॅनिश निरोप आहे.

या चित्रपटात आपल्या जवळचा एक धागा आणखी आहे. खेळात धालसीम नावाचा एक भारतीय योगी आहे. कृश देह, गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि मुखातून अग्नी. भारताविषयी परदेशात ज्या चमत्कारिक कल्पना रूढ आहेत त्यांचे ते गाठोडे आहे, आणि तिथल्या देखाव्यात अर्थातच हत्ती उभे आहेत. चित्रपटात ही भूमिका रोशन सेठ यांना दिली. रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ सालच्या ‘गांधी’मध्ये पंडित नेहरू झालेले हेच ते. डी सूझांनी कवट्या आणि अग्नी काढून टाकले आणि धालसीमला डॉक्टर केले. बायसनने त्याला कैदेत ठेवून कामाला जुंपले आहे. गाइलचा मित्र कार्लोस याच्या शरीरात औषधे घालून आणि मनात हिंसेची दृश्ये ओतून त्याला राक्षस बनवण्याचे काम त्याच्यावर लादले आहे. धालसीम उघड बंड करीत नाही. तो भित्रा आहे. पण पहारेकऱ्याची नजर चुकवून तो ती हिंसक दृश्ये बदलतो आणि त्या जागी शांतीची दृश्ये लावतो. शरीर विद्रूप होते, मन मात्र सर्वस्वी हातचे जात नाही. पुढे गाइल मित्राची ती दशा पाहून दयेपोटी त्याच्यावर बंदूक रोखतो, तेव्हा धालसीमच आडवा येतो. शेवटी सारी इमारत कोसळू लागते, बाहेर पडायची वाट मोकळी असते, आणि हा डॉक्टर कार्लोसजवळ मागे थांबतो. जे घडले त्यात आपलाही हात होता, त्याचे प्रायश्चित्त आपल्याला घ्यायचे आहे, असे तो ठरवतो.

खेळाच्या चाहत्यांना हा बदल रुचला नाही. योगी कुठे आणि हा पांढऱ्या डगल्यातला घाबरट डॉक्टर कुठे, असे ते म्हणतात. त्यांची तक्रार आम्हांस समजते. लांब हात असलेला मल्ल त्यांनी वर्षानुवर्षे खेळवला होता आणि तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. पण त्याच्या बदली त्यांना काय मिळाले तेही पाहावे. बायसन विसरतो, चुन-लीला आठवते, आणि धालसीम आठवून थांबत नाही, तो त्या आठवणीची किंमत मोजतो. या तिघांना एका ओळीत ठेवले, तर ज्या चित्रपटाला लोक विदूषकी म्हणून हसले त्याच्या आत एक नीतिकथा दडलेली दिसते. ती नीट सांगितली गेली नाही हे चित्रपटाचे दुर्दैव.

नुसत्या स्मरणाने भागत नाही हेही इथे नोंदवले पाहिजे. २००९ साली ‘स्ट्रीट फायटर: द लेजंड ऑफ चुन-ली’ हा निराळा चित्रपट आला. त्यातही चुन-लीला वडिलांची आठवण आहे. बायसनने त्यांना लहानपणीच पळवून नेले आहे. पण इथली आठवण फक्त सूडाचे सरपण आहे. तिने बायसनला गाठून त्याची मान मुरगळली की ती संपते, आणि तिच्याबरोबर चित्रपटही. पाहणाऱ्याच्या मनात काही उरत नाही. सूड घेणाऱ्याला मेलेल्याची आठवण हवी असते, ती हत्यार म्हणून. प्रायश्चित्त घेणाऱ्याला ती हवी असते, ती ऋण म्हणून. हा भेद या जातीच्या चित्रपटांत फार थोड्यांना उमगला आहे.

२०२१ साली सायमन मॅकॉइड यांचा नवा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आला, आणि त्यात आमच्या मुद्द्याच्या दोन्ही बाजू एकत्र सापडतात. त्याचा आरंभ सतराव्या शतकातील जपानमध्ये होतो. हान्झो हसाशी हा योद्धा विहिरीवर पाणी आणायला गेला आहे. परत येतो तो पत्नी आणि मुलगा एकमेकांना बिलगून बर्फात गोठून गेलेले. हिरोयुकी सानादा या ज्येष्ठ जपानी नटाने ते दुःख इतक्या संयमाने दाखवले आहे, की त्यापुढची झुंज पाहताना प्रत्येक घाव लागतो. या जातीच्या चित्रपटांत इतकी चांगली दहा मिनिटे आम्ही पाहिली नाहीत. मग कथा आजच्या काळात येते, आणि खेळातील शेवटचे ते बीभत्स घाव, जे १९९५ सालच्या चित्रपटाने टाळले होते, ते पडद्यावर जसेच्या तसे येतात. कुंग लाओ हा मल्ल आपल्या धारदार टोपीच्या चक्रावर शत्रुस्त्रीला ओढून तिचे उभे दोन तुकडे करतो आणि खेळाचा निवेदक निर्दोष विजयानंतर जे शब्द उच्चारतो, तेच शब्द स्वतः उच्चारतो. चित्रपटगृहात त्यावर टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांना ओळख पटल्याचा आनंद झालेला असतो, हे आम्ही जाणतो. पण यंत्रातून येणारा आवाज आणि प्रेतापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून येणारा आवाज एक नव्हे. ज्या चित्रपटाने आरंभी मृत्यूपुढे आपली मान खाली घालायला लावली, त्यानेच आता तो मंगळवार करून टाकला.

यावर कुणी म्हणेल, की मुलांना हे सारे खोटे असल्याचे कळते, तुम्ही उगाच घोर लावून घेता. त्यात तथ्य आहे. यंत्रावर ठोसे मारणारे मूल बाहेर येऊन मित्राच्या गळ्यात हात टाकून घरी जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मुलांच्या चांगुलपणावर आमचा विश्वास आहे, आणि खेळावर बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे चित्रपटापुरते आहे, आणि तेही रसास्वादाच्या अंगाने. ज्या चित्रपटात मरणाला वजन नाही, त्यात जगण्यालाही वजन राहत नाही, आणि मग तो कंटाळवाणा होतो. नीतीचा आणि कलेचा निवाडा इथे वेगळा पडत नाही.

तेव्हा घरात असा चित्रपट लागला, तर आजी-आजोबांनी मान फिरवून आत जाऊ नये, आईवडिलांनीही जुन्या आठवणींतच रमू नये. शेवटची नावे पडद्यावरून सरकत असताना मुलांना एवढेच विचारावे, की यात कोण कोण मेले, आणि त्यांची आठवण कोणाला राहिली? मुले गडबडतील, मग बोटे मोजू लागतील. लिऊ कांगच्या चित्रपटानंतर त्यांना चानचे नाव सांगता येईल. पुढच्या भागानंतर बहुधा एकही नाव सांगता येणार नाही. आणि १९९४ सालच्या त्या फसलेल्या, हास्यास्पद चित्रपटानंतर एखादे मूल म्हणेल, की एका गावाचे मुखिया मेले, त्यांचे नाव नाही सांगितले, पण त्यांच्या मुलीला सगळे आठवत होते. त्या मुलाला चित्रपट कळला असे आम्ही समजू.